नाव कापलेलं हळदीचं गानं

मंगळवार, सांजंला

खर्ड्याला बहिनीच्या नातीच्या, कोमलच्या, हळदीला जाऊन आले. पाय लई दुखत्यात, पन आज लिहायचंच. मांडवात डीजेवर माझं गानं वाजलं! आवाज माझाच का? मशीननं इतका गोड केलाय की मलाच वळखू येईना.

माझी नात दीपा पुण्यात गानी बनवायच्या स्टुडिओत कामाला हाय. दिवाळीनंतर तिनंच मला तिथं गायला नेलं. हळदीच्या गान्यात नवरीचं नाव घ्यावंच लागतं, तिथं नवरी कुठली, म्हनून मी दीपाचं घेतलं. तिचे साहेब म्हनले, "आजी, नाव नको. सगळ्यांच्या लग्नात वाजलं पाहिजे." आता बिननावाची हळद लावायची कुनाला? पाच येळा गायले, पाची येळा नाव तोंडात आलंच. शेवटी त्यांनी ते मशीननं कापलं. जिवाला लागलं हुतं माझ्या.

आज त्या कापलेल्या जागी नुसता ढोल वाजला, आन सगळ्या बाया एकदम वरडल्या, "कोमल!" दर कडव्याला तसंच.

घरी आल्या आल्या दीपाला फोन लावला. "आगं, तुमी काढलेलं नाव बायांनी परत घातलं की!"

ती हसली. "आजी, साहेब ती जागा बुजवायला सांगत होते. मीच मोकळी ठेवली."

मग आता गानं माझं, साहेबांचं, का त्या बायांचं? पन मांडवात शेवटच्या कडव्याला समद्या 'कोमल' म्हनल्या, तवा मी हळूच 'दीपा' म्हनले.