पंख्याचं गाणं आणि मी

३ मे, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. किन्शासाच्या या आमच्या लेम्बा वस्तीत शहाण्या माणसाला बोलायला शहाणं माणूस मिळत नाही, तेव्हा स्वतःशीच बोललेलं बरं.

'जुन्या रुंबाचे शुद्ध रसिक' या आमच्या गाणं ऐकणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष मुलाकडे ब्रसेल्सला गेले ते गेलेच. महिनाअखेरीस निवडणूक. उमेदवार दोन. मी आणि ओदिलों शिंपी. मंडळाच्या नावात 'शुद्ध' हा शब्द मी घातला. ओदिलोंची मान लग्नात डुलते, मयतातही डुलते. काय वाजतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हा अध्यक्ष झाला तर झालंच कल्याण!

समोरच्या आवारात संध्याकाळी बँडची तालीम. परत तेच पंख्याचं गाणं. बाई सोडून गेली त्याचं गाण्यातल्या गड्याला काही नाही, पण जाताना टेबलफॅन घेऊन गेली, तो परत दे म्हणून भोकाड पसरतो. शी! खिडकी धाडकन लावली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

५ मे, गुरुवार
बँडच्या म्होरक्याला चौकात गाठला. चार लोकांदेखत झाडला. वडीलधाऱ्याला म्हणतात तसं पापा म्हणत निर्लज्ज हसला. म्हणाला, पापा, रागावू नका, नव्या आवृत्तीत तुमचंही नाव घालू का? म्हटलं, माझं नाव तुझ्या गाण्यात आलं तर कोर्टात खेचीन, बूड टेकायला जागा ठेवणार नाही. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

गाणं फोनमध्ये घेतलं. शत्रूचा अभ्यास हवा. नाव दिलं 'पुरावा'.

६ मे
पुरावा ऐकला. वाईट आहे.

६ मे, संध्याकाळी
पुन्हा ऐकला. शेवटी गिटार धावायला लागते तिथले काही बारकावे निसटले होते. फारच वाईट आहे. उद्या परत तपासावं लागेल.

९ मे, सोमवार
मंडळात माझा ठराव मंजूर. निवडणुकीआधी कबुली-सभा. प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, आपण चोरून कुठली टाकाऊ गाणी ऐकतो. खोटं बोलला तो पदाला अपात्र. ओदिलों खरं बोलला तर अब्रू जाईल, खोटं बोलला तर पद जाईल. इकडे आड, तिकडे विहीर. गाढव सगळ्यांत आधी हात वर करून मोकळा झाला.

११ मे
मान धरली. डावीकडे वळत नाही. पंख्याच्या गाण्यावर लोक टेबलफॅनसारखी मान फिरवत नाचतात. माझ्या मानेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. उशी कडक आहे.

औषधवाली रेजीन, थोरल्या बाईला म्हणतात तसं सगळी गल्ली तिला मामा म्हणते, ती म्हणाली, पंखा ना? मी म्हटलं, उशी. म्हणाली, हो हो, या आठवड्यात सगळ्यांच्याच उशा बिघडल्यात. मलमाबरोबर हसू फुकट. दुष्ट बाई.

१४ मे
क्लोतिल्डनं विचारलं की अहो, खिडकी लावली की जमीन का हादरते? बायकोला काय काय सांगायचं. म्हटलं, व्यायाम. ती पानात बांधलेला मासा निखाऱ्यावर ठेवत होती, तो हातातून पडला इतकी हसली. आपल्या घरातच आपली किंमत नाही.

निश्चय: उद्यापासून पुरावा बंद.

१५ मे
उद्यापासून.

१७ मे, मंगळवार
बँडचा ओरड्या फाटकात भेटला. टोनेर म्हणतात त्याला. गाणारे वेगळे, हा नुसता ओरडतो. गाणं रंगात आलं की आरोळ्या ठोकायच्या, लोकांना नाचवायचं, आणि ज्यानं काही दिलं असेल त्याचं नाव घ्यायचं. कुणी बिअर पाजतो, कुणी पँट शिवून देतो. या शहरात गाण्यात नाव आलं की मेलेला माणूससुद्धा मोठा होतो.

हलकट म्हणाला, पापा, खिडकीच्या फटीतून तुमची मान दिसते हं. मग म्हणाला, मोठी आवृत्ती या आठवड्यात रेकॉर्ड होतेय, तुमच्या पायात जे पांढरे बूट आहेत ते दिलेत तर तुमचं नाव बसेल.

बूट दिले. नीट विचार करून दिले. शत्रूच्या किल्ल्यावर आपला झेंडा लागला तर बिघडलं कुठं? शिवाय कुणी विचारलंच तर माझ्यासारखी माबियाला आडनावाची माणसं किन्शासात पैशाला पासरी आहेत.

२१ मे
टोनेर ते बूट घालून गल्लीत मिरवतोय. क्लोतिल्ड म्हणाली की माझ्या भावानं पॅरिसहून आणले होते ते. मी म्हटलं, गरिबाला दान केलं. म्हणाली, गरिबाकडे तीन फोन आहेत.

झोप लागत नाही. नाव कुठं येईल? सुरुवातीला नको, लोकांचं लक्ष नसतं. गिटार धावते तिथं यावं. ही निव्वळ जिज्ञासा.

२९ मे, रविवार
सभा झाली. शांतपणे लिहितो.

ओदिलों पहिला उठला. म्हणाला, भावांनो, मी दिवसभर शिवणयंत्रावर पंख्याचं गाणं ऐकतो, पाय आपोआप चालतो, कपडे वेळेवर होतात. टाळ्या! मग गास्तों मास्तर उठले. पंखा. त्यांच्या शेजारचे, पंखा. खजिनदार तर रडला, म्हणाला की बायको गेली तेव्हा या गाण्यानं तारलं. एकेकाला मिठ्या. मला उलटी यायची बाकी राहिली.

माझी पाळी आली. म्हटलं, माझे कान स्वच्छ आहेत, मला कबूल करण्यासारखं काही नाही. कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी, उशी, उशी, म्हणालं.

मी चिडलो. म्हटलं, मोठी आवृत्ती आज सकाळीच आलीय ना? लावा इथं. आपण कशावर लाळ गाळतो ते एकदा उघड्या कानांनी ऐका. हे मी मंडळाच्या हितासाठी म्हटलं. दुसरं कारण नव्हतं.

लावली. गिटार धावायला लागली. टोनेर ओरडला, उस्ताद ओदिलों, कात्रीचा राजा! ओदिलों लाजला. मग गास्तों मास्तर, ज्ञानाचा समुद्र! मग मामा रेजीन, मानेची देवी! सगळे खिदळले. मी खुर्चीच्या टोकाला आलो. मग मामा क्लोतिल्ड, माशाची महाराणी! माझी बायको! त्या उंडग्याला रोज मासा खायला घालते हे मला आजवर माहीत नव्हतं. म्हटलं, आता घराण्याचं नाव निघालंच आहे, पुढचं माझंच.

गाणं संपलं.

त्यानंतर मी काय बोललो ते लिहायची गरज नाही. गास्तों मास्तरांनी इतिवृत्तात घातलंय, ते सांगतात की मी खुर्चीवर चढलो आणि ओरडलो, माझे बूट गिळलेस चोरा, माझं नाव कुठाय? रोज सहादा ऐकतो मी हे गाणं, माझी मान गेली यात!

माझ्याच ठरावानुसार मी अपात्र. ओदिलों अध्यक्ष. पहिला निर्णय, दर सभेची सांगता पंख्यानं. दुसरा, मला काढू नये, माणूस भावनाशील आहे. दया! शिंप्याची दया!

३१ मे
खरं लिहितो, इथं कोण बघतंय. फार लागलं. पद गेलं त्याचं तितकं नाही. त्या गाण्यात अख्खी गल्ली आहे आणि मी नाही.

टोनेरला पकडला. शपथेवर म्हणाला की पापा, मी घेतलं होतं तुमचं नाव, गिटार धावते तिथंच, आणि असं घेतलं होतं की स्टुडिओवाला दचकला. पण म्होरक्यानं कापलं. म्हणाला, त्या म्हाताऱ्यानं चौकात कोर्टाची धमकी दिलीय, साक्षीदार आहेत, मला नसती भानगड नको.

बूट परत देत नाही. म्हणतो, शनिवारी समोर कार्यक्रम आहे, तिथं तुमचं नाव तोंडी घेतो, म्होरक्याला विचारत बसत नाही.

मी जाणार नाही. मलाही काही स्वाभिमान आहे.

४ जून, शनिवार
गेलो. पाहणी करायला. खुर्ची पुढची घेतली, मागून नीट पाहणी होत नाही.

गिटार धावायला लागली. टोनेर आरोळ्या ठोकू लागला. अध्यक्ष ओदिलों! महाराणी क्लोतिल्ड! मग नाचत नाचत माझ्यासमोर आला, माईकवर हात ठेवून वाकला आणि विचारलं की पापा, नावापुढं काय लावू? नुसतं नाव कानाला बरं लागत नाही. तुम्ही सध्या कोण?

मी पुष्कळ विचार केला. गिटार थांबत नव्हती. क्लोतिल्ड बघत होती, ओदिलों बघत होता. माझ्याच्यानं खोटं बोलवेना. सांगितलं काय आहे ते.

तो ओरडला, बार्तेलेमी माबियाला, साधा सभासद!

कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, सगळ्यांच्या माना फिरत होत्या. दुसऱ्यांदाही ओरडला. दुसऱ्यांदा मी सांगितलं म्हणून.