चिंचेनं घासलेली शिवराई

आप्पा, तुमची शिवराई सापडली. आई गेल्यावर आपल्या गावचं मंगळवार पेठेतलं घर रिकामं करत होते, तेव्हा देव्हाऱ्याच्या खणात तुमच्या जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेली दिसली. मराठेशाहीतलं ते तांब्याचं एवढंसं नाणं सत्तावीस वर्षांनी हातात घेतलं आणि मनात आला तो जुनाच राग.

शनिवारी ऑफिस सुटलं की तुम्ही मला सायकलवर मागे बसवून तांबटाच्या दुकानात न्यायचात. खेड्यांतून मोडीत आलेल्या घागरी, फुटके हंडे, आणि त्यांत कधीमधी वितळवायला आलेली जुनी नाणी. तुम्ही पोत्यावर बसून ढीग चाळताय, तांबट हातोडी न थांबवता म्हणतोय, "आप्पा, घरातली ताटं तरी ठेवलीसा न्हवं, का तीबी पारखून झाली?" आणि तुम्ही हसताय. त्याच ढिगात ही मिळाली. असल्या बहुतेक नाण्यांची अक्षरं काठावर तुटलेली असतात. हिची सगळी अखंड होती, काळसर तपकिरी थराखाली ठसठशीत उठलेली. पोरगी पुण्याला कॉलेजात जाईल तेव्हा ही विकू, असं तुम्ही आईला सांगितलंत. मला ते पाठ झालं होतं.

माझ्या बारावीच्या दिवाळीनंतर पुण्याचा एक संग्राहक ती बघायला येणार होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी मोरीत पूजेची भांडी घेऊन बसले. चिंच, मीठ, वर विटकरीची पूड. ताम्हन झालं, पळी झाली, आणि वाटलं, एवढ्या लांबून येणाऱ्या माणसाला असलं काळं नाणं दाखवायचं? शिवराई खणातून काढली आणि गुलाबी लख्ख होईपर्यंत घासली. पूजेत सगळ्यांत पुढे मांडली. तुम्ही पाटावर बसलात, हळदीची चिमूट घेतलीत आणि हात तसाच राहिला. मग म्हणालात, "लई लख्ख केलंस की." आणि शिवराईला हळद वाहिलीत. मला ती शाबासकी वाटली.

पाहुणा आला. खिडकीपाशी जाऊन त्यानं नाणं एकदाच उलटंपालटं केलं. तुम्ही मला दूध आणायला पाठवलंत. परत आले तर बशीत अर्धा चहा होता, माणूस नव्हता. शिवराई विकायला मन होईना, एवढंच तुम्ही म्हणालात. मी आईसमोर बोलले, "तुम्हाला माझ्यापेक्षा ते तांबं मोठं आहे." तुम्ही फडक्याची घडी घालत होता. वर न बघता म्हणालात, "व्हय. तसं समज."

मी तसंच समजले. गावातल्याच कॉलेजात शिकले, लग्न होऊन मलकापूरला गेले, तुमच्याशी कामापुरतं बोलत राहिले. शेवटच्या आजारपणात तुम्ही एकदा विचारलंत, शिवराई घेऊन जातीस का. मी म्हणाले, राहू दे तुमची तुम्हालाच. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. त्यानंतर आपण बोललो ते औषधांबद्दल.

मागच्या आठवड्यात ती एका जुन्या नाणेवाल्याला दाखवली. विकून मोकळं व्हायचं होतं, दुसरं काही नाही. त्यानं भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "ताई, हे चिंचेनं घासलंय. वरचा जुना थर गेला, अक्षरं झिजली. आत्ताचा काळेपणा मागनं आलाय. तो थर असता तर चांगली किंमत आली असती. आता तांब्याचा तुकडा हाय." मी विचारलं, सत्तावीस वर्षांपूर्वी कुणाला दाखवलं असतं तर? तो म्हणाला, "घासल्या दिवसापास्नंच हे असं की."

त्यानं मला पाणी दिलं.

एका वाक्यात तुम्ही सुटला असता, आप्पा. सतरा वर्षांच्या पोरीला ते पेलणार नाही असं तुम्हाला वाटलं असेल. मग नंतर तरी सांगायचं. मी तिशीची झाले तेव्हा, किंवा त्या आजारपणात. पण तेव्हा मी कुठे ऐकणार होते? आता माफी मागायची तर कुणाकडे? आईही नाही. शिवराई टेबलावर आहे. तिला ना विकता येतं, ना तिचा तो जुना थर परत आणता येतो. हा कागद तिच्याभोवती गुंडाळून मी ती परत खणात ठेवणार आहे.

एक राहिलं. किंमत सांगण्याआधी नाणेवाल्यानं विचारलं होतं, हे घासलं कुणी. मला मोरीतली ती दुपार आठवत होती. तरी मी म्हणाले, आमच्या वडिलांनी.