मागचं डावं चाक

१ जुलै
मांजरसुंब्याच्या पुढं, माळावरच्या रेसिंग इन्स्टिट्यूटमध्ये ॲडमिशन झालं. कोर्स रेसच्या गाड्यांच्या मेकॅनिकचा. घरी ड्रायव्हरचा म्हणून सांगितलंय. फरक किरकोळ आहे. गावातलाच अंगद पण आहे. त्याच्या घरी शेळ्या. त्याला इथवर मीच आणलं, म्हणजे आमच्या जीपमधून. परमेश्वर सरांनी आल्या आल्या शेड झाडायला लावलं. ही पेशन्सची टेस्ट असते. माझ्या वाटणीचं अंगदनं झाडलं. पास झालो.
उद्यापासून पाचला उठणे. मानेचा व्यायाम. भजी बंद.

२ जुलै
नऊला उठलो. रिफ्लेक्ससाठी झोप लागते.

१९ जुलै
सरांनी विचारलं, चाकाचा नट किती आवळायचा. म्हणालो, फुल. वर्ग हसला. युसूफ वडगावहून येणारी मोहिनी सगळ्यात जास्त हसली. तिच्या वडलांचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. मुलगी इंटरेस्टेड दिसते.

६ ऑगस्ट
हेल्मेट घेतलं. ढाब्यावर घालूनच गेलो. गल्ल्यावरच्यानं विचारलं, कुणाचं पार्सल न्यायचंय. या भागात स्पोर्ट्सची जाण नाही. भजी खाल्ली. हेल्मेट काढून खावी लागतात.

११ सप्टेंबर
टेस्टला गाडी चालवायला अंगदला निवडलं. म्हणे त्याचा हात शांत आहे. शेळ्यांमागं फिरणाऱ्याला कसली घाई? मला मागचं डावं चाक दिलं. लई जबाबदारीचं काम, पण फोटोत येत नाही. अंगद म्हणाला, तू बी बसशील की रं, आधी नट तर आवळ. जास्त बोलायला लागलाय.

८ ऑक्टोबर
ॲक्सिडेंट झाला. टेस्टच्या आधी मोहिनी मोबाईलवर आमचं काम शूट करत होती, म्हणून मला जरा तोंड तिकडं करावं लागलं. दोन नट पान्यानं आवळले, दोन नुसते हातानं बसवले. वेळेचं प्रेशर होतं. दुसऱ्या वळणावर चाक निघालं, गाडीच्या पुढं पळालं आणि तुरीत शिरलं. गाडी दोनदा पलटली. अंगदचा पाय दोन जागी मोडला. ओरडला नाही तो. म्हणजे फार दुखत नसावं.
सरांना सांगितलं की व्हायब्रेशननं नट सैल होतात. सर काही बोलले नाहीत. पटलेलं दिसतंय.

११ ऑक्टोबर
बीडला दवाखान्यात गेलतो. अंगदची आई दगडाबाई उशाशी बसली होती. मला म्हणाली, दगूड आला म्हनं चाकाखाली. तिला तसं अंगदनंच सांगितलं होतं. तो छताकडं बघत होता. तिनं स्वतःच्या भाकरीतली अर्धी मला दिली, वर लोणचं. म्हणाली, तू व्हतास जवळ म्हणून माझं लेकरू वाचलं.
भाकरी तशीच रुमालात बांधून आणली. उद्या सरांना खरं सांगायचं. पक्कं.

१२ ऑक्टोबर
नाही सांगितलं. पेशंटला टेन्शन देऊ नका, असं डॉक्टरांनीच म्हटलंय.

२७ ऑक्टोबर
अंगदचा पाय आखूड राहणार. क्लच दाबता येणार नाही. सीट रिकामी आहे. मित्राची जागा परक्यानं घ्यावी, हे मला बघवत नाही. बाबांनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला. बाबा माजी सभापती, त्यामुळं बोलणं एका मिनिटात संपलं. सर म्हणाले, ये.

१५ नोव्हेंबर
ट्रायल झाली. म्हणजे ट्रायलचा दिवस झाला.
बाबा दोन जीपा भरून माणसं घेऊन आलते. बॅनरवर 'बीडचा वेगवान वाघ' आणि माझ्यापेक्षा मोठा बाबांचा फोटो. आई आरतीचं ताट घेऊन. मी सीटवर बसलो, बेल्ट लावला. मागच्या डाव्या चाकावर मोहिनी होती. नियमाप्रमाणं ड्रायव्हरनं विचारायचं असतं, म्हणून विचारलं, नट आवळले का.
ती खिडकीपाशी आली. हळूच म्हणाली, "दोन आवळलेत. दोन हातानं लावलेत. जास्त लागतात का?"
सरांकडं बघितलं. सर घड्याळ बघत होते. माणसं टाळ्या वाजवत होती. क्लचवरून पाय उचलायचा होता, तो उचलेना. शेवटी उतरलो. चाकाजवळ गुडघे टेकून एकेक नट बघितला. चारही कच्चून आवळलेले होते.
आईला वाटलं, मी गाडीच्या पाया पडतोय. तिनं येऊन मला कुंकू लावलं, चाकाला पण लावलं आणि तिथंच आरती ओवाळली. टाळ्या वाढल्या. मी परत सीटवर गेलोच नाही.
सगळ्यांना सांगितलं की चमक आली. कुणी कुठं ते विचारलं नाही. बॅनर घडी घालून बाबांच्या जीपमध्ये ठेवला.

१६ नोव्हेंबर
दवाखान्यात गेलो. अंगदनं विचारलं, बसलास का रं शीटावर. बसलो म्हणालो. कशी पळाली, त्यानं विचारलं. मग सांगत बसलो. पहिलं वळण कसं कापलं, दुसऱ्याला मागचा भाग कसा सरकला, मी कसा सावरला, समोर धुळीत काही दिसत नव्हतं तरी पाय काढला नाही. दगडाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. अंगदनं डोळे मिटले होते. बोटांनी चादरीवर गिअर टाकल्यासारखं करत होता. मी इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो. तिसऱ्या वळणावर आलो तेव्हा त्यानं डोळे उघडले.
"सकाळी मोहिनी आलती," तो म्हणाला.
मी त्या वळणावरच थांबलो. दगडाबाईला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडं पाण्याचा तांब्या सरकवला.
"का रं थांबलास?" अंगद म्हणाला. "सांग की पुढं."
मग मी पुढचं सांगितलं.