सांध्याखालची लाकडं

बाई, तुम्ही सांगलीच्या शाळेत हस्तकला शिकवायचात आणि मी आता साताऱ्यात सभांमधून भांडत फिरतो, पण तुम्हाला नि मला छळणारी माणसं एकच: ‘एवढं कोण बघतंय’ म्हणत काम उरकणारी. तुम्ही गेल्यावरही ती कमी झालेली नाहीत. परवा त्यांच्याशी माझं चांगलंच वाजलं.

आमच्या वाचनालयात आम्ही हौशी मंडळींनी टेबलावर छोटी रेल्वे मांडली आहे. एक जुनं स्टेशन, मुख्य लाईन, आणि तिच्यातून गुळाच्या वखारीकडे फुटणारी दुसरी. रूळ फुटतो तो सांधा मी हातानं करायला घेतला. बाजारातल्या तयार सांध्याचं वळण खेळण्यासारखं आखूड आणि खालची लाकडं सगळी एका मापाची; मला ते बघवेना. डोळ्यांपुढं शाळेच्या सहलीतला मिरजेचा रुळांवरचा पूल येतो. खाली यार्ड पसरलंय, मी कठड्यावर वही ठेवून सांधा काढतोय आणि तुम्ही मागून वाकून म्हणताय, “आरं, रूळ काढलास का शिडी? वर दोन वाटा झाल्या, मग खालची लाकडं तेवढीच कशी पुरतील?” पोरं हसतात. मी पुन्हा खाली बघतो. खरंच, वाटा फाकतील तसं एकेक लाकूड आधीच्यापेक्षा जरासं लांब होत गेलेलं. पुढं मी जे वाचलं, ज्याच्यासाठी भांडलो, ते सगळं त्या दिवशी मिळालेल्या डोळ्यांनी.

लाकडं जमली, पण गाडीला वळवणारं निमुळतं पितळी पातं जमेना. त्याचं टोक शेजारच्या रुळाला पुरतं चिकटत नव्हतं. चाक त्यावर चढायचं आणि डबा आडवा. रविवारी उद्घाटन. आमचे अध्यक्ष, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, म्हणाले, “आवं, चिकटवून टाका की त्यो सांधा. गाडी सरळ पळंल, पावणं खूश. वखारीकडं कोण चाललंय?”

“मग पाटी लावा, सुभेदार. ही गाडी वळत न्हाई.”

“भाषण सभंत करा. हितं डबा पडतोय. शनवारपतूर बघा, मग मी गोंद घिऊन येतो.”

वादात मी कुणाला हार जात नाही, पण पितळेच्या पट्टीपुढं भाषण चालत नाही. मग तुमचं स्वयंपाकघर आठवलं. ओट्यावर चहा उकळतोय, माझ्या हातात तुम्ही दिलेली बारीक कानस, आणि तुमचा हुकूम: “डोळे मिट, नख फिरव. अडलं तर अजून घास.” तीच कानस काढली. घासलं, डोळे मिटले, नख फिरवलं, परत घासलं. शनिवारी नख कुठं अडलं नाही. गाडी सांध्यावर आली, किंचित कलली आणि वखारीकडे वळली. सुभेदार टेबलाशी वाकले. “वळली की वो,” म्हणाले, आणि मग सांधा हलवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करूच दिलं नाही.

रविवारी फार कौतुक झालं, बाई. हार घातला, फोटो काढले. तरी घरी येताना मला चुकल्यासारखं वाटत होतं. माझ्या कामावर रागवेल असं आता कुणी उरलेलं नाही. हा कागद टाकायला पत्ता नाही, तो माझ्याकडेच राहील. तुम्ही मात्र असाल तिथून एवढं करा: त्या सांध्याकडे वाकून बघा, आणि एक तरी चूक काढा.