चाळीस कवितांचा कोर्स

२७ एप्रिल २०२५, रविवार

चारुलताला आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, माहेरी न्यायला तिचा धाकटा भाऊ रुपचंद धरणगावहून आला. आखाजीला लेकी माहेरी जातातच. यंदा विशेष एवढंच की माझे सासरे, आबा, जानेवारीत गेले. त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. मी बुधवारी, सणाच्या दिवशी, पोहोचायचं ठरलं. चारूने निघताना तीनदा विचारलं, नक्की ना? तीनदा हो म्हणालो. मी शब्दाचा पक्का आहे.

२९ एप्रिल

फेसबुकवर जाहिरात. ‘कवितेतून मनमोकळं’, जळगाव, उद्या आणि परवा. मार्गदर्शक रोहिदास सर. रोज एक कविता, चाळीस दिवस, दुःख मुळापासून जातं. मला दुःख आहेच. आबा गेल्यापासून जो तो चारूलाच विचारतो, बरी आहेस का. जावयालाही मन असतं हे कुणाच्या गावी नाही.

जळगावहून धरणगाव तासाभराचा रस्ता. सकाळी शिबिर, दुपारी घागर. प्लॅनिंग असलं की सगळं जमतं.

३० एप्रिल, बुधवार, सायं. ७

जमलं नाही. सरांनी सुरुवातीलाच सगळ्यांचे मोबाइल टोपलीत जमा केले. दुपारी म्हणाले, तुमचं दुःख डोळ्यांसमोर आणा. मी आबांना आणलं. आठ ओळी झाल्या. मी वाचल्या तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायका रडल्या. अशा वेळी उठून बस पकडणं बरं दिसलं नसतं. आबांना याहून मोठी श्रद्धांजली आज कुणी वाहिली असेल असं मला वाटत नाही.

सहाला मोबाइल मिळाला. चारूचे अकरा मिस्ड कॉल. उलटा फोन केला तर सासूबाईंनी घेतला. म्हणाल्या, “बठ्ठा तुमनी वाट देखीसन जेवनात.” म्हणजे सगळे माझी वाट पाहून जेवले. चारूला द्या म्हटलं, तर ती कामात होती.

कविता क्र. १ पूर्ण.

४ मे, रविवार

धुळे. क्र. ५. चारू अजून आली नाही. शेजारच्या सुनंदाबाईंच्या दोन्ही सुना माहेरून आल्या. मी चौकशी केली नाही. नात्याला स्पेस द्यावी लागते.

आजपासून कविता व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकायच्या. पहिली टाकली:

तू नसता घर ओस भासते
फ्रीजमधले दूधही नासते

दहा मिनिटांत चारूने पाहिली. तेराजणांनी पाहिली, पण पहिलं नाव तिचं. उपचार लागू पडतो आहे.

९ मे

चारूचा फोन. रविवारी सुट्टी आहे का, विचारलं. म्हटलं, सुट्टी आहे, पण देवपुरात काव्यवाचन आहे, मला तिसरा नंबर दिलाय. “बरं,” म्हणाली आणि ठेवला.

‘बरं’ या शब्दावर क्र. १० लिहिली. एका शब्दात केवढी माया.

११ मे, रविवार

काव्यवाचन झालं. तिसरा नंबर दिला होता, प्रत्यक्षात एकोणिसावा आला. तोवर सतरंजीवाला आणि मी. सतरंजीवाल्याला आवडली असावी. थांबला होता.

१५ मे

रुपचंदचा फोन. दाजी, कैरीचं लोणचं घातलंय, बरणी न्यायला येता का? मी म्हटलं, एवढ्यासाठी कशाला, एसटीच्या कंडक्टरकडे दे. बरणी संध्याकाळी मिळाली. आत चिठ्ठी वगैरे नव्हती. फडक्याची गाठ चारूचीच.

क्र. १६: बरणीस.

१८ मे, रविवार

सुनंदाबाई भाकरी आणि शेवभाजी घेऊन आल्या. ताट टेबलावर ठेवून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, “भाऊ, लेक माहेरून आपापली परत येत नसते. घ्यायला जावं लागतं. तुम्ही कधी जाणार?”

मी समजावलं, की हे जुन्या काळचं झालं. चारू बी.कॉम. आहे. धरणगाव-धुळे गाड्यांचं वेळापत्रक तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. शिवाय आखाजीनंतर ती रुसली आहे, आणि रुसव्यावर मी रोज स्टेटसमधून काम करतो आहे. सुनंदाबाई म्हणाल्या, ताट उद्या द्या.

त्यांना कवितेतलं कळत नाही.

२४ मे

क्र. २५. रोहिदास सरांना फोन केला. विचारलं, अर्धा कोर्स उलटून गेला, छातीत अजून दुखतं, विशेषतः संध्याकाळी घरी आल्यावर कुलूप काढताना. सर म्हणाले, दुखू द्या, तिथूनच उत्तम ओळी येतात. धीर आला.

ठराव: १) कुलूप काढताना तिला हाक मारायची सवय मोडणे. २) मुक्तछंद.

३० मे

कालच्या स्टेटसला सतराजणांची नावं. चारूचं नाही. धरणगावात रेंजची बोंब असते.

१ जून, रविवार

क्र. ३३. नाव नाही.

३ जून

सुनंदाबाईंच्या मोबाइलवरून पाहिलं. त्यांचं आजचं सुप्रभातचं स्टेटस चारूने सकाळीच पाहिलं आहे. म्हणजे रेंज आहे. माझंच पाहत नाही. दुपारी ऑफिसात फाइल समोर धरून बसलो, एक कागद हलवला नाही. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, मिसेस आखाजीला माहेरी गेल्यात. ते म्हणाले, अजून?

क्र. ३५ दोनच ओळींची झाली. त्याही जुन्याच.

६ जून

निर्णय. रविवारी चाळीस पूर्ण होतात. त्या दिवशी धरणगावला जायचं. सगळ्या कवितांच्या प्रिंट काढल्या, फाइल केली, मुखपृष्ठावर तिचं नाव. समोर बसवून वाचीन. ती ढसाढसा रडेल, मीही रडेन, संध्याकाळच्या गाडीने दोघं परत. ‘विरहाचा महामार्ग’ आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिली. चारही वेळा मीच रडलो.

८ जून, रविवार. परतीच्या बसमध्ये

अक्षर हलतंय.

बाराला पोहोचलो. ओसरीवर सासूबाई, रुपचंद, चारू. चारू वाळली आहे. तिने पाणी दिलं. मी फाइल उघडली. सासूबाईंनी फाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “आते सांगा जवाई, तिले लेवाले उनात का कविता सांगाले?”

मी म्हणालो, आधी कविता तर ऐका.

का म्हणालो? ‘न्यायला आलो’ म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

तीन कविता वाचल्या. चारूने मान खाली घालून ऐकल्या. मी रडलो. ती नाही. मग म्हणाली, “महिनाभर सगळ्या वाचल्या मी. प्रत्येक वेळी वाटायचं, हिच्यात तरी लिहिलं असेल, रविवारी येतो. आबांच्या दिवशी तुमचं पान सूर्य मावळेपर्यंत वाढून ठेवलेलं होतं. त्यानंतरही मी चार रविवार बॅग भरून बसले. आई म्हणायची, येतील. मीच म्हणायचे, येतील. आता नाही भरत बॅग.”

मी म्हणालो, आता आलोय ना, चल.

ती म्हणाली, इथल्या शाळेत ऑफिसचं काम मिळालंय, सोळा तारखेपासून. आणि म्हणाली, जेवून जा.

पाहुण्याला वाढतात तसं वाढलं. आमरसाचा आग्रह केला. मी दोनदा घेतला. तिच्या हातचं आहे म्हणून नाही म्हणवेना. चौदा वर्षांत मी जेवताना ती अशी लांब भिंतीला टेकून कधी उभी राहिली नव्हती.

स्टँडवर सोडायला रुपचंद आला. त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी येतो, कविता न आणता. तो म्हणाला, “दाजी, तिने मला सांगितलंय, तुम्ही आलात तर चहा पाजायचा आणि गाडीत बसवून द्यायचं.” बस सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता. चांगला मुलगा आहे.

९ जून, सोमवार

रजा टाकली. रोहिदास सरांचा मेसेज: कोर्स पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन, आता कसं वाटतं ते दोन ओळींत कळवा.

कळवलं नाही.

दुपारी जमिनीवर बसून खूप रडलो. समोर कागद नव्हता, ऐकायला कुणी नव्हतं. मोकळं वाटेल म्हणून बराच वेळ रडलो. बरं वाटलं नाही.