'इनकन्सोलेबल'चं वाक्य

ताई,

आधी हे वाच, मग मला हवं तेवढं बोल. बाबा घरात नाहीत. मोबाईल आणि प्रेशरची गोळी टेबलावरच आहे. मी त्यांना शोधायला जातेय.

फ्रिजवर बघ. तुझ्या परीक्षेसाठी आजचा शब्द 'इनकन्सोलेबल' होता, म्हणजे कितीही समजूत घातली तरी ज्याचं दुःख आवरत नाही असा. घरातल्या माणसांवर वाक्य केलं की शब्द डोक्यात बसतो, हे तुझंच म्हणणं. म्हणून मी घाईघाईत इंग्रजीत खरडलं, 'बाबा वारल्यावर आम्ही इनकन्सोलेबल होऊ', आणि अंघोळीला गेले. कालच त्यांची तपासणी झालीय, हे डोक्यातच आलं नाही. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कुणास ठाऊक! बाहेर येऊन बघते तर डिक्शनरी उघडी आणि चपला गायब. त्यांना वाटलं असणार, आपण रिपोर्ट लपवतोय. रिपोर्ट अजून आलेलाच नाही गं!

तू घर सोडू नकोस. ते आले तर रागावू नकोस, आधी गोळी दे, मग मला फोन कर.

माझ्या वाक्याखाली त्यांनी रोजच्यासारखं आपलंही लिहिलंय, 'मीसुद्धा इनकन्सोलेबल आहे.'

शब्द अगदी बरोबर वापरलाय गं.

चिंगी