दोन बोटांची फट

रविवार, संध्याकाळ

स्प्रिंगा बदलून गाडीची उंची कमी करून घेतली, तेव्हा चाक आणि वरच्या पत्र्यात दोनच बोटांची फट ठेवली. मिस्त्री म्हणत होता, "मागं माणसं बसवून माप घ्या की." मी रिकाम्या गाडीचंच घेतलं. फोटोत झकास दिसते म्हणून.

आज आई-अण्णांना लग्नाला कुंभारीला नेलं. पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासलं. म्हटलं, "अण्णा, जरा उतरता का?" गुडघा धरून उतरले, पलीकडं चालत गेले, परत बसले. पुढच्या स्पीडब्रेकरला मी गाडी हळू केली, तर आपणहूनच उतरले. दोन बोटांची फट! कुणाला दाखवायची होती मला?

परतल्यावर आमच्याच दारातल्या चढापाशी गाडी हळू केली. अण्णांनी आधीच दार उघडलं होतं.

"तू घे आत. मी येतो चालत."